शस्त्रवैद्याची लेखणी

इ. स. २०२१ च्या जुलै महिन्याची २२ तारीख महाडकर सहसा विसरणार नाहींत. त्या दिवशीं सावित्रीचें पाणी शहरांत चढलें, आणि त्याच दिवशीं तालुक्यांतील तळीये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्या अनर्थापुढें कोणाच्या घरचे कागद भिजले ही बोलून दाखविण्यासारखी गोष्ट नव्हे. आणि महाडास राहणाऱ्या आमच्या थोरल्या भगिनींनीं ती कधीं बोलून दाखविलीही नाहीं. पाणी ओसरल्यावर त्यांनीं इतरांप्रमाणें घरांतला चिखल उपसला, भांडीं धुतलीं, आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी उघडून तिच्यांत झालेला कागदांचा लगदा परसांत टाकून दिला. त्या लगद्यांत त्यांच्या उजव्या खुब्यावर झालेल्या शस्त्रक्रियेचे सारे कागद होते.

ही शस्त्रक्रिया पुरापूर्वीं दहा-अकरा वर्षें मुंबईच्या एका रुग्णालयांत झाली होती. खुब्याचा झिजलेला सांधा काढून त्याच्या जागीं कृत्रिम सांधा बसविण्यांत आला. मांडीच्या हाडांत धातूचा दांडा, दांड्यावर गोळा, आणि तो गोळा फिरण्यासाठीं कमरेच्या हाडांत वाटी, अशी या सांध्याची सामान्य रचना असते. अक्का त्या सांध्यावर वर्षानुवर्षें सुखानें हिंडल्या-फिरल्या. २०२३ च्या पावसाळ्यांत त्यांच्या जांघेंत कळ येऊं लागली. पुण्याच्या शस्त्रवैद्यांनीं क्ष-किरणांचें चित्र पाहून सांगितलें, “वाटी सैल झाली आहे, ती बदलली पाहिजे. दांडा मात्र हाडांत पक्का आहे, त्याला हात लावण्याचें कारण नाहीं. आंत कोणत्या कंपनीचा व कोणत्या मापाचा सांधा आहे, तेवढा कागद आणून द्या, म्हणजे झालें.”

नेमका तेवढाच कागद आणून देतां आला नाहीं. घरची प्रत सावित्रीनें नेली होती. मुंबईच्या रुग्णालयास लिहिलें, तेव्हां इतके जुने कागद ठेविले जात नाहींत, असें उत्तर आलें. जुन्या दांड्यावर बसवावयाचा नवा गोळा त्या दांड्याला तंतोतंत जुळणारा असावा लागतो; दांड्याच्या निमुळत्या मानेचें माप किंचित् चुकलें तरी सांधा धोक्याचा होतो. बनावट कळेना, म्हणून अखेर पक्का बसलेला दांडाही मांडीचें हाड उभें चिरून काढावा लागला. दोन तासांत आटोपावयाची ती शस्त्रक्रिया पांच तास चालली, आणि सहा आठवड्यांत चालूं लागावयाच्या त्या अक्का सहा महिने काठी धरून होत्या. हें सारें कागदावरची एक ओळ हरवल्यामुळें.

कागद नाहीं तर इतिहास नाहीं, हें वाक्य आम्ही महाविद्यालयाच्या वर्गांत पंचवीस वर्षें उच्चारीत आलों आहों. तें माणसाच्या हाडामांसाला इतकें शब्दशः लागू पडेल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें. शस्त्रक्रियेची नोंद हा विषय वैद्यांचा खरा. परंतु नोंद हा इतिहासाचाही विषय आहे. त्या बाजूनें पाहतां या बाबतींत आमच्या देशानें काय गमावलें व काय मिळविलें, याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

या इतिहासाचें एक महत्त्वाचें प्रकरण पुण्यास घडलें. लंडन येथें निघणाऱ्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या १७९४ च्या ऑक्टोबरच्या अंकांत एक पत्र छापलें गेलें. पत्राखालीं लेखकाचें पूर्ण नांव नाहीं, ‘बी. एल.’ एवढीं आद्याक्षरें आहेत. त्यांत कावसजी या नांवानें उल्लेखिलेल्या एका मराठी शेतकऱ्याची हकीकत आहे. टिपूशीं झालेल्या युद्धांत, १७९२ सालीं, हा इसम इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकीत असे. तो टिपूच्या हातीं सांपडला, आणि टिपूनें त्याचें नाक व एक हात कापविला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचाच राहिला. पुढें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसानें त्याला नवें नाक करून दिलें. मुंबई इलाख्याच्या चाकरींतील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनीं ही क्रिया होतांना पाहिली होती.

वाचकांनीं लक्ष द्यावें तें या पत्रांतील तपशिलाकडे. मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून प्रथम नव्या नाकाचा घाट ठरवावयाचा. तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेनें रेघ ओढावयाची. रेघेच्या आंतली कातडी सोडवावयाची, परंतु दोन डोळ्यांच्या मध्यें एक अरुंद पट्टी न तोडतां राखावयाची. कारण जोड पक्का होईपर्यंत नव्या नाकाला रक्त मिळतें तें तिच्यांतूनच. मग ती कातडी फिरवून खालीं आणावयाची, आणि जुन्या नाकाच्या कडेला केलेल्या खांचेंत बसवावयाची. वर पाण्यांत कालविलेला कात लावलेल्या कापडाच्या पांच-सहा पट्ट्या. चार दिवस दुसरें कांहीं नाहीं. त्यानंतर तुपांत भिजविलेलें फडकें. पांच-सहा दिवस रोग्यानें उताणें निजावयाचें, दहाव्या दिवशीं नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालावयाचे, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं मधली पट्टी तोडावयाची. सोबत जेम्स वेल्स या चित्रकाराच्या चित्रावरून केलेली आकृति. शस्त्रक्रियेचें टिपण कसें असावें, याचा हा वस्तुपाठच म्हटला पाहिजे.

या टिपणाचें फळ मोठें झालें. लंडनमधील जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें ही पद्धत अभ्यासिली, प्रेतांवर हात बसविला, १८१४ च्या ऑक्टोबरांत ती एका रोग्यावर यशस्वी करून दाखविली, आणि १८१६ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. तेथून ही क्रिया ‘हिंदी पद्धत’ म्हणून युरोपभर पसरली. परंतु ज्याचा तो मूळ हात, त्याचें नांव त्या पत्रांत नाहीं. रोग्याचें नांव आहे, पाहणाऱ्यांचीं नांवें आहेत; करणारा मात्र विटा करणाऱ्या जातीचा एक माणूस, एवढाच उरला. त्याच काळांत त्याच पुण्यांत पेशव्यांचे कारकून फौजेचा व कोठाराचा हिशेब रुमालांत बांधून ठेवीत होते. त्या दफ्तरांतील निवडक कागदांचेच १९३० ते १९३४ या काळांत सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं पंचेचाळीस खंड निघाले. तेव्हां आम्हांस लिहिण्याची संवय नव्हती, असें म्हणतां येत नाहीं. लिहिणारा आणि शस्त्र धरणारा यांची गांठ पडली नाहीं, हेंच खरें.

गांठ न पडल्याचा तोटा किती, तेंही याच उदाहरणांत दिसतें. सुश्रुतसंहितेंत नाक जोडण्याची जी रीत सांगितली आहे, तींत माप घ्यावयाचें तें झाडाच्या पानानें, आणि कातडी घ्यावयाची ती गालाची. पुण्याच्या कारागिरानें माप घेतलें मेणानें, आणि कातडी घेतली कपाळाची. म्हणजे मधल्या शतकांत कोणीतरी ही रीत बदलली. तो बदल करतांना कोणी चुकलें असेल, कोणाचीं नाकें सडलीं असतील, त्यांतून कोणी कांहीं शिकलें असेल. ती सारी शिकवण बापाच्या हातांतून मुलाच्या हातांत गेली, आणि जेथें मुलगा नव्हता तेथें विझली.

टिपण दोन प्रकारचें असतें. काय केलें, हें पहिलें. आणि केल्याचें पुढें काय झालें, हें दुसरें. पहिल्याला फुरसत लागते, दुसऱ्याला धैर्य लागतें. कारण दुसऱ्यांत स्वतःच्या चुकाही येतात. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं अर्नेस्ट कॉडमन नांवाचा शस्त्रवैद्य होऊन गेला. प्रत्येक रोगी घरीं गेल्यावर वर्षभरानें त्याचा शोध घ्यावा, आणि उपचार फळला कीं फसला हें उघड लिहावें, असा त्याचा आग्रह होता. १९११ ते १९१६ या काळांत त्यानें आपल्या लहानशा रुग्णालयांतून गेलेल्या ३३७ रोग्यांचा हिशेब छापला, व त्यांत आपल्या १२३ चुका स्वतःच मांडल्या. सहकाऱ्यांना हें मानवलें नाहीं. परंतु आज ज्यास शस्त्रक्रियेचें परीक्षण म्हणतात, त्याचा उगम पुष्कळ अंशीं या हट्टी माणसाकडे जातो.

कृत्रिम खुब्याची विद्या अशाच एका कबुलीवर उभी राहिली. इंग्लंडांतील जॉन चार्नली यानें प्रथम टेफ्लॉन नामक पदार्थाची वाटी वापरली. सुमारें तीनशें रोग्यांना ती बसविली, आणि थोड्याच वर्षांत ती झिजून आंत सूज धरूं लागली. चार्नलीनें रोगी डोळ्यांआड केले नाहींत. त्यांना परत बोलावून झिजलेले सांधे काढले, झीज मोजली, आणि १९६२ च्या नोव्हेंबरपासून पॉलिथिलीनची वाटी वापरण्यास आरंभ केला. पुढें मृत्यूनंतर आपला सांधा तपासूं देण्याची संमतीही तो रोग्यांपाशीं मागत असे. आज जगांत जे लक्षावधि लोक कृत्रिम सांध्यावर चालतात, त्यांच्या पायांखालीं त्या तीनशें फसलेल्या खुब्यांचें टिपण आहे.

परंतु एका शस्त्रवैद्याच्या वहीला मर्यादा असते. एखादा सांधा शंभरांत पांच रोग्यांना सातव्या वर्षीं दगा देत असेल, तर वर्षाला वीस सांधे बसविणाऱ्याला तें कळावें कसें? त्याला आपला रोगीच दुर्दैवी वाटणार. म्हणून स्वीडनमध्यें १९७५ सालीं गुडघ्याच्या व १९७९ सालीं खुब्याच्या सांध्यांची देशव्यापी नोंदवही सुरू झाली. ऑस्ट्रेलियानें १९९९ सालीं व इंग्लंड-वेल्सनें २००३ सालीं तोच मार्ग धरला. रोगी कोण, सांधा कोणता, क्रमांक काय, आणि तो पुन्हां काढावा लागला कीं काय, एवढ्याच गोष्टी सर्व रुग्णालयांतून एके ठिकाणीं जमूं लागल्या; आणि एकट्याला जें दिसत नव्हतें, तें सर्वांना मिळून दिसूं लागलें.

या वहीवांचून काय होतें, हें आमच्या देशानें अनुभविलें आहे. डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ नांवाचा खुब्याचा सांधा होता. त्याचा गोळा व वाटी दोन्ही धातूचीं. घर्षणानें कोबाल्ट व क्रोमियम यांचे कण सुटून ते रोग्याच्या मांसांत व रक्तांत उतरत. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहींत हा सांधा वारंवार काढावा लागत असल्याचें उमटलें. २००९ च्या अखेरीस तो तेथील बाजारांतून उठला, आणि २०१० च्या ऑगस्टमध्यें कंपनीनें तो जगभर परत घेतला. तोंपर्यंत जगांत सुमारें ९३ हजार रोग्यांना तो बसला होता. हिंदुस्थानांत अशा सुमारें ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. २०१७ सालीं केंद्र सरकारनें समिति नेमली. तिचा अहवाल २०१८ सालीं आला, आणि नुकसानभरपाईची रक्कम ३० लाखांपासून १ कोटि २३ लाखांपर्यंत ठरली. परंतु या रोग्यांपैकीं साडेतीन हजारांच्या वर माणसांचा पत्ताच लागला नव्हता. कोणा गांवीं कोणी बाई, गुडघा दुखतो म्हणून तेल चोळीत बसली असेल. दुखणें खुब्यांत आहे, खुब्यांतल्या सांध्याला क्रमांक आहे, आणि तो क्रमांक दोषी ठरला आहे, हें तिला सांगणार कोण?

या दिशेनें आपल्याकडे कांहींच झालें नाहीं, असें मात्र नव्हे. खुबे व गुडघे यांच्या शस्त्रवैद्यांच्या संघटनेनें २००६ च्या सुमारास स्वतःची ऐच्छिक नोंदवही उघडली. २०१५ सालीं वैद्यकीय उपकरणांमुळें होणाऱ्या अपायांच्या नोंदीचें राष्ट्रीय काम सुरू झालें. २०१७ च्या ऑगस्टमध्यें सरकारनें गुडघ्याच्या सांध्यांच्या किंमती बांधून दिल्या, तेव्हां बिलांत कंपनीचें नांव व सांध्याचा क्रमांकही लिहावा, असा दंडक घातला. परंतु मूळ दुखणें राहिलें तें राहिलेंच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणें रुग्णालयांत राहिलेल्या रोग्याचे कागद, उपचार सुरू झाल्यापासून, तीन वर्षें जपले म्हणजे पुरे. तेव्हां मुंबईहून आम्हांस आलेलें उत्तर नियमाला धरूनच होतें. सांधा पंधरा-वीस वर्षें टिकावा अशी अपेक्षा, आणि त्याची जन्मपत्रिका मात्र तीन वर्षांनीं रद्दींत गेली तरी चालते!

यावर एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. स्वीडनमध्यें हें ठीक आहे. आमच्याकडे दाराशीं शंभर रोगी उभे असतां लिहीत कोणी बसावें? या आक्षेपाचें उत्तर शोधण्यास दूर जावयास नको, तें महाडांतच आहे.

या मुलखाला लेखणी नवी नाहीं. पोलादपुरास शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधि दाखवितात. महाड तालुक्यांतील शिवथरघळींत समर्थांनीं दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे; आणि त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास, लिहावें कसें, याच विषयावर आहे. याच भागांतील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत १९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. भातशेतींत, गवताच्या भाऱ्यांत, कौलांखालीं लाल विंचू सांपडण्याचा हा प्रदेश. विंचू चावलेलीं धडधाकट मुलें घामानें न्हाऊन निघत, हातपाय गार पडत, आणि कांहीं तासांनीं फुप्फुसांत पाणी होऊन जात. शंभरांत चाळीस दगावत, असें सांगतात. यावर खात्रीचा उपाय तेव्हां पुस्तकांत नव्हता.

डॉ. बावस्करांनीं काय केलें? ते रोग्याच्या खाटेशीं बसले आणि लिहूं लागले. नाडी किती, रक्तदाब किती, घाम केव्हां सुटला, धाप केव्हां लागली. एक रोगी, दुसरा रोगी, असें करतां करतां त्या टिपणांत मृत्यूची पाऊलवाट दिसूं लागली. १९८२ सालीं त्यांचें निरीक्षण ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या मान्यवर वैद्यकीय पत्रानें छापलें. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, तर त्या सैल करणारें प्राझोसिन हें औषध द्यावें, या त्यांच्या उपचाराचा वृत्तांत १९८६ सालीं तेथेंच आला. मृत्यूचें प्रमाण शंभरांत एकावर उतरलें. २०११ सालीं त्यांनीं व डॉ. प्रमोदिनी बावस्करांनीं महाडांतील सत्तर रोग्यांवर केलेल्या तुलनात्मक प्रयोगाचा निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध झाला; २०२२ सालीं डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. विंचवाचा दंश हा शस्त्रक्रियेचा विषय नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु लिहावयास वेळ नाहीं, ही सबब बिरवाडीच्या त्या खाटेशेजारीं टिकत नाहीं. गर्दी होती म्हणूनच टिपण वाढलें, आणि टिपण वाढलें म्हणूनच उतारा सांपडला.

तर मग सांध्याच्या शस्त्रक्रियेची नोंद कशी असावी? तारीख व वेळ. शस्त्रवैद्य व साहाय्यक यांचीं नांवें. उजवा कीं डावा. छेद कोठून घेतला. आंत काय आढळलें. कोणते स्नायू वा बंध सोडविले. सांध्याच्या प्रत्येक भागाची कंपनी, माप व क्रमांक. सिमेंट वापरलें कीं नाहीं. रक्त किती गेलें. जंतुनाशक कोणतें व केव्हां दिलें. रक्ताची गुठळी होऊं नये म्हणून काय योजिलें. कांहीं विपरीत घडलें काय. पुढें रोग्यानें पाय केव्हां टेकावा. आणि शेवटीं सही. सांध्याच्या वेष्टनावर क्रमांकाचे छापील स्टिकर येतातच. ते कागदावर चिकटविण्यास क्षणभर पुरे. हें सारें आठवणीवर न सोडतां छापील तक्त्यावर भरावें. कारण कोऱ्या कागदावर विसरलेली गोष्ट दिसत नाहीं, तक्त्यांत रिकामी राहिलेली चौकट मात्र डोळ्यांस टोंचते. आणि महिन्याकांठीं वीस टिपणें काढून एकमेकांनीं रिकाम्या चौकटी मोजाव्या. याला खर्च नाहीं; थोडा अहंकार मात्र खर्चावा लागतो.

नोंद उद्यां न्यायालयांत आपल्याच विरुद्ध वापरली जाईल, अशी भीति कांहीं वैद्यांच्या मनांत असते. आम्हांस वाटतें, प्रामाणिक वैद्याला वेळेवर केलेल्या टिपणासारखा दुसरा साक्षीदार नाहीं. शिवाय परदेशच्या वह्या आमच्या कामीं पुऱ्या पडणार नाहींत. आमच्या बायका उकिडव्या बसतात, मांडी घालून जेवतात, वांकून चिखलांत भात लावतात, डोक्यावर ओझें घेऊन डोंगर चढतात. लोक ज्याला ‘वाट्या बदलणें’ म्हणतात, तो गुडघा या राहणींत किती वर्षें टिकतो, हें स्वीडनची वही सांगूं शकणार नाहीं. तें आमच्याच टिपणांतून कळावयाचें आहे.

अक्कांच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या संध्याकाळींच पुण्याच्या शस्त्रवैद्यांनीं स्टिकर लावलेला तक्ता आमच्या हातीं दिला. आतां त्याची एक प्रत महाडास माळ्यावर आहे, दुसरी पुण्यास आमच्या कपाटांत, तिसरी भाच्याच्या संगणकांत. ही व्यवस्था आम्हीं मोठ्या समाधानानें अक्कांना सांगितली. त्यांनीं ऐकून घेतलें व म्हणाल्या, “माझें झालें रे. पण पोलादपूरच्या वन्संचे दोन्ही गुडघे गेल्या वर्षीं बदलले. कागद कोठें ठेवलेत म्हणून विचारलें, तर म्हणाल्या, तांदळाच्या डब्यांत. तिला ना माळा, ना पुण्याचा भाऊ. तिनें काय करायचें?”

या प्रश्नाला घरगुती उत्तर नाहीं. ज्या वहीला पूर लागत नाहीं व वाळवी लागत नाहीं, अशी वही देशानें ठेवली पाहिजे. ती सक्तीची असली पाहिजे. आणि माणसाच्या अंगांत सांधा आहे तोंवर त्या वहींतलें त्याचें पान राहिलें पाहिजे. पुण्याच्या त्या कारागिराचें नांव आम्हीं गमावलें, त्याला आतां इलाज नाहीं. तांदळाच्या डब्यांतला कागद मात्र अजून शाबूत आहे.